ओढणीखालचा सौदा

"पल्लवी कुठाय?" हॉलच्या दारात पाय ठेवला आणि धैर्यशीलदादानं मला हे विचारलं. आलीस का नाही, बरी आहेस का नाही, चहा सांगू का नाही. एकदम पल्लवी कुठाय. मी म्हटलं, खाली गाडी लावतेय. तो "बरं बरं" म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून जिन्याकडं बघत राहिला. एवढंच झालं. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं स्वतःला, क्रांती, सकाळी सकाळी सुरू होऊ नकोस. पण मी सुरू झाले होते. चार वर्षं मी या हॉलमध्ये येतेय. खाली सांगलीच्या विश्रामबागेत दादाचं खेळाच्या कार्डांचं दुकान, वर हा हॉल, पत्र्याची टेबलं, लग्नातल्या असतात तसल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि तीन पंख्यांपैकी एक कायम बंद. हा हॉल झाडून घेण्यापासून मी मदत केलीय या माणसाला. पहिल्या वर्षी आठ पोरं जमायची, तेव्हा नववी मी असायची. तेव्हा तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून माझी वाट बघायचा. "आली बघा आमची रणरागिणी," असं ओरडायचा. मला तेव्हा त्याचा राग यायचा, काय हे ओरडणं म्हणून. आता वाटलं, ओरड की रं बाबा एकदा.

हा खेळ म्हणजे पत्ते नव्हेत, हे मला घरी अजून पटवता आलेलं नाही. प्रत्येकानं आपापल्या कार्डांची गड्डी घरून बांधून आणायची, तिला डेक म्हणायचं. कार्डांवर प्राणी, राक्षस, मंत्र, आणि समोरच्याचा जीव शून्यावर आणला की जिंकलं. अप्पा मिलिटरीत सुभेदार होते. त्यांची बदली जबलपूरला होती तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या पोरांनी मला हे शिकवलं. अप्पा रिटायर झाले, आम्ही कोरेगावकडं गावी आलो, उसात. अप्पांना वाटलं हे वेड मागं राहिलं. ते माझ्या ट्रंकेतून आलं होतं. आता फोनवर विचारतात, "पत्ते कुटायला ठेवलंय व्हय तुला सांगलीत?" मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना फ्रेमी दाखवते, आणि रविवारी इथं येते. आजचा रविवार साधा नव्हता. आज जो पहिला येणार तो बंगळुरूला देशपातळीवर खेळायला जाणार, सांगली-साताऱ्यातून एकच जागा. चार वर्षांत तीनदा मी सेमीफायनलपर्यंत आले आणि तिथंच बसले. मला बंगळुरूला जायचं होतं. दुसरं काही मला एवढं कधी हवं नव्हतं, खरंच सांगते. लग्नाची स्थळं येतात तेव्हाही मी मनात एवढंच बघते, की हा मला रविवारी सोडेल का.

आणि या हॉलमध्ये मुलगी एकच होती. मी. हे लोकांना सांगायची गोष्ट नाही, पण त्याचं एक सुख असतं. बाथरूमची चावी दादा माझ्यासाठी वेगळी ठेवायचा. नवं पोरगं आलं की मला बघून दचकायचं, मग हरायचं, मग जाताना "ताई, लय भारी खेळता" म्हणायचं. मी म्हणायची, सराव आहे रे. मनातून फुगायची. मग मीच त्या हॉलमध्ये दुसरी मुलगी आणली. माझ्या हातानं. कुणी सांगितलं होतं? पल्लवी माझ्या खोलीत आली ती मिरजेच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची नोकरी लागली म्हणून. आटपाडीकडच्या एका वस्तीवरची, घरात मेंढरं. बोलणं असं की पहिल्या आठवड्यात घरमालकीण मला म्हणाली, ही काय राहील शहरात. राहिली. रात्री मी पलंगावर कार्डं पसरून बसायची आणि ही भिंतीला टेकून बघायची. "ह्ये काय करतं?" "अन् ह्ये मेलं की कुठं जातं?" मला बरं वाटायचं सांगायला. माझ्याकडं बुटाच्या खोक्यात टाकाऊ कार्डं होती, बारकी बारकी जनावरं, एकेकटं काही कामाचं नाही असली. ती मी तिला देऊन टाकली, घे, खेळ. तिनं त्यांचीच गड्डी बांधली. एक आलं की दुसरं येतं, दुसऱ्यामुळं तिसरं मोठं होतं, आणि बघता बघता समोरच्याच्या टेबलावर बसायला जागा राहत नाही. हॉलमधल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'कळप'. माझ्या डेकला कुणी कधी नाव ठेवलं नाही.

दोन महिने झाले, खोलीतसुद्धा मी तिच्याविरुद्ध जिंकलेली नाही. जिंकली की ती टाळ्या पिटते, लहान पोरासारखी, आणि लगेच म्हणते, "तू ह्ये अदुगर टाकलं असतंस तर मी मेले हुते." मला समजावून सांगते! जिनं हिला कार्ड उलटं धरू नये हे शिकवलं तिला. मी म्हणते, हो गं, चुकलंच. आणि दात घासायला जाते, आणि आरशासमोर किती वेळ घासत राहते. लोकांना वाटतं असूया म्हणजे समोरचा वाईट वाटणं. तसं नसतं. पल्लवी वाईट असती तर मी सुखानं झोपले असते. ती माझा डबा भरते. मला ताप आला तेव्हा दोन दिवस लॅब बुडवून बसली. तिच्यात नावं ठेवायला जागाच नाही, आणि त्याच गोष्टीनं माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

एकदा मला ती गावी घेऊन गेली. शनिवार होता, तिचे आबा, म्हणजे वडील हरिबा, आम्हाला आटपाडीच्या मेंढरांच्या बाजारात घेऊन गेले. धूळ, लेंड्यांचा वास, नुसतं बें बें. तिथं दोन माणसं एकमेकांचा हात टॉवेलखाली धरून उभी होती. तोंडं गप्प, डोळे तिसरीकडंच, आणि टॉवेल तेवढा हलत होता. मी म्हटलं, हे काय? आबा हसले. "तोंडानं दर बोलला की बाजाराला कळतं, पोरी. मग फुडच्याचा सौदा मोडतो. म्हनून बोटं धरायची. एक धरलं तर एक, दोन धरली तर दोन. शंभर का हजार, ते ज्यानं धरलं अन् ज्याचं धरलं त्या दोगास्नीच ठावं. कबूल असंल तर फुडच्यानं उलटं दाबायचं." आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी माझा हात धरला, मग पल्लवीचा, आणि तिथं त्या गर्दीत आम्ही दोघी टॉवेलखाली हात घालून खोटी मेंढरं विकत घेत बसलो. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग परत येताना आबा तिला म्हणाले, "अन् त्या शिंगवालीचं काय झालं गं? निघाली का न्हाई परवा?" मला आधी कळेना. मग कळलं, ते तिच्या डेकमधल्या एका कार्डाबद्दल विचारत होते. तिनं फोनवर त्यांना सगळी कार्डं सांगितली होती, चित्रावरून. त्यांना सगळी पाठ. मी जीपच्या मागच्या फाळक्याला धरून बसले होते आणि एसटी स्टँड येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. पल्लवीनं विचारलं, "गाडी लागली का गं?" मी हो म्हटलं.

असो. आज चार राउंड झाले. एक मी हरले, तीन जिंकले. पल्लवीचंही तेवढंच, ती हरली ते मिरजेच्या रविराजकडून, तेही कार्डंच आली नाहीत म्हणून. प्रत्येक राउंड संपला की मी माझ्या गुणांआधी तिचे बघायची. तिच्या टेबलाभोवती पोरं उभी असायची. हसू ऐकू यायचं आणि मी माझ्या समोरच्याचा डाव विसरायची, की कशाला हसले असतील. पाचव्या, शेवटच्या राउंडच्या जोड्या भिंतीवर लागल्या आणि मी गर्दीत मान उंच करून बघितलं. तीन नंबरचं टेबल. माझं नाव, शेजारी तिचं.

आता यात हिशेब अगदी सरळ होता. बरोबरी केली तर दोघींना एकेक गुण आणि दोघीही पहिल्या चारांत, म्हणजे सेमीफायनलला. खेळलो तर एक आत, दुसरी घरी. शेवटच्या राउंडला असं सगळेच करतात, त्यात चोरी नाही. "ड्रॉ करायचा का?" असं तोंडानं विचारायचं, समोरच्यानं हो म्हणायचं, सह्या करायच्या, चहा प्यायला जायचं. चालत नाही ते एवढंच, की बरोबरीच्या बदल्यात काही द्यायचं किंवा कबूल करायचं नाही. तसं कुणी केलं तर तो बाहेर, आणि ज्याला विचारलं त्यानं समजून उमजून जजला सांगितलं नाही तर तोही बाहेर. आजचा जज पुण्याहून आलेला होता, प्रांजल नावाचा, शर्टाची वरची गुंडी लावलेला. सकाळीच त्यानं हा नियम वाचून दाखवला होता आणि पोरं मागं खिदळली होती.

खुर्चीवर बसता बसता मला सगळं दिसलं. बरोबरी केली तर कळप पुढं जाणार, आणि पुढं गेला की आज त्याला अडवणारं कुणी नाही. बंगळुरूला पल्लवी जाणार. मी स्टेशनवर सोडायला जाणार, तिची बॅग धरणार. आणि नाही म्हणून खेळले, तर ती आत्ताच मला हरवणार. कसंही वळलं तरी तीच. समोर ती बसली, खांद्यावरची ओढणी काढली, टेबलाच्या कडेवर पसरली आणि तिच्याखाली हात घातला. डोळे मुद्दाम खिडकीकडं. गाल फुगवलेले, हसू दाबून. आबांसारखंच तोंड केलं होतं तिनं. मला क्षणभर हसू आलं, तेही सांगते. मी माझा हात ओढणीखाली घातला. तिचा हात ऊन होता. तिनं माझं एक बोट धरलं आणि दाबलं. एक. एक गुण तुला, एक मला.

मला उलटं दाबायचं होतं फक्त. मी दाबणारच होते. असं मला वाटतं. पण बोट तिच्या मुठीत तसंच राहिलं आणि मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं पुन्हा दाबलं, आता जरा जोरात, भुवया उडवून, म्हणजे अगं दाब की. तेवढ्यात वरून आवाज आला, "ओढणीखाली काय चाललंय?"

जज उभा होता. आम्ही हात काढले. पल्लवी हसत म्हणाली, "काय न्हाई सर, ड्रॉ मागत हुते."

"मग तोंडानं का नाही मागितला? ही खूण कसली?"

"आमच्याकडं बाजारात दर ठरवत्यात अशानं. गंमत केली ओ."

'दर' म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं वळून बघायला लागली. तिला ते कळलंच नाही, ती आपली खुशीत सांगतच राहिली, एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, कशाचं ते धरणाऱ्या दोघांनाच माहीत, म्हणूनच तर ओढणी. एवढं खरं कुणी सांगतं का? जज म्हणाला, "तुम्ही किती बोटं धरली?" "एक." "एक काय?" "एक गुण, आणि काय." मग तो माझ्याकडं वळला.

"तिनं एक बोट धरलं?"

"हो," मी म्हटलं.

"एक म्हणजे काय?"

पल्लवी माझ्याकडं बघत होती, अजून हसतच होती, की आता ही सांगेल आणि विषय संपेल. एक गुण, एवढे दोन शब्द होते. माझ्या तोंडात आलेही होते. मी म्हटलं, "ती म्हणाली ना, ते बघणाऱ्याला कळत नाही."

"म्हणजे एक गुणही असेल, एक हजारही असेल?"

"बोटावरून कसं कळणार?"

"तुम्ही कबूल केलंत?"

"मी दाबलं नाही," मी म्हटलं.

यातलं एक अक्षर खोटं नाही. कुणीही तपासून बघावं. मी एवढ्या शांतपणे बोलत होते की माझं मलाच नवल वाटलं. पल्लवीच्या चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं ते मी बघितलं. आधी डोळ्यांतून गेलं, तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं. धैर्यशीलदादा धावत आला, "अहो, पोरी आहेत त्या, एका खोलीत राहतात, गंमत केली असेल." जज म्हणाला, गंमत असेल, पण भर स्पर्धेत कापडाखाली दर ठरवायची खूण करायची आणि मग म्हणायचं गुण होता, हे मी कशावरून मानू, उद्या सगळेच करतील. तोही काही चुकीचं बोलत नव्हता. त्यानं वरच्या कुणाला तरी फोन लावला, कोपऱ्यात जाऊन बोलला, परत आला आणि मला म्हणाला, "शेवटचं विचारतो. ही खूण तुम्हाला समजते का? आधीपासून माहीत होती का?"

आता हो म्हटलं तर मीही बाहेर. नाही म्हटलं तर ते खोटं, आणि तिच्यासमोर. आटपाडीचा टॉवेल जणू आम्हा दोघींच्या मध्ये पसरला होता.

"तिला न्हाई ठावं ह्यातलं," पल्लवी म्हणाली. "कोरेगावची हाय ती, फौजीची पोरगी. तिला मेंढराचा बाजार कुठनं ठावं? मी एकटीनंच केलं."

मी ते तसंच राहू दिलं. तिला स्पर्धेतून काढलं आणि माझ्या नावापुढं विजय लिहिला. ती कार्डं गोळा करत होती, सावकाश, सगळी एका बाजूला तोंड करून, जसं मी तिला शिकवलं होतं. मला तेव्हा काय वाटलं ते लपवणार नाही. पश्चात्ताप वगैरे नाही वाटला. मला वाटलं, यातही पुढं गेलीस तू. सगळ्या हॉलसमोर. एक खोटं बोललीस आणि माझी सगळी खरी वाक्यं मातीत घातलीस. मला तिचा एवढा हेवा त्याआधी कधी वाटला नव्हता.

सेमीफायनल मी जिंकले. फायनलला रविराज होता. त्याला सुरुवातीलाच वाईट कार्डं आली, माझ्या हातात सगळी हवी तीच. चार वर्षं मी जो डाव मनात खेळत आले, तो असा निघाला, की समोरच्यानं मध्येच कार्डं खाली ठेवली आणि म्हणाला, "घ्या ताई." मीही उभी राहिले. टाळ्या झाल्या, नाही असं नाही. पण लग्नात अक्षता पडल्यावर लोक जेवणाच्या पंगतीकडं बघतात तशा. निम्मी पोरं आधीच खाली उतरली होती. दादानं ट्रॉफी दिली, हात मिळवला, फोटो काढला. "चला, बंगळुरू," म्हणाला. मग टेबलं आवरायला वळता वळता स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाला, "पल्लवी असती तर फायनल रंगली असती." मी ट्रॉफी पिशवीत घातली. अप्पांना फोन करावा असं मनात आलं. काय सांगणार होते, पत्ते जिंकले?

खाली ती स्कूटीवर बसली होती. भोवती चार-पाच पोरं, भडंगाची पुडी एकमेकांकडं फिरत होती, आणि कुणीतरी जजच्या वरच्या गुंडीची नक्कल करत होतं. ती हसत होती. हरून, बाहेर काढली जाऊन, ती तिथं मध्यभागी बसली होती आणि हसत होती. मला बघून पोरं एकेक करून पांगली.

"जिंकलीस?" तिनं विचारलं.

"हो."

"चांगलं झालं." खरंच चांगलं झालं असं म्हणाली ती. मला शोधूनही त्यात खोच सापडली नाही.

"तू खोटं का बोललीस?" मी म्हटलं. आवाज चढला माझा. "मी मागितलं होतं का? मला तुझे उपकार नकोत."

तिनं पुडीतला उरलेला भडंग तळहातावर घेतला. "तू खरं बोलत हुतीस की," ती म्हणाली. "दोघी बी खरं बोललो असतो तर दोघी बी भाईर. मग कोन गेलं असतं बंगळुरूला? तो रव्या?" आणि भडंग तोंडात टाकला. रस्त्यानं मिरजेची सिटी बस गेली, धूर करत. मला वाटलं आता ती रडेल, किंवा शिवी देईल, किंवा निदान विचारेल, की क्रांती, का? मी त्याचं उत्तर तयार करत होते. तिनं विचारलं नाही. हात झटकले, हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि मग म्हणाली, "मी खोली सोडतीया. एक तारखेपासनं."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, चुकलं गं माझं. किंवा थांब. मला ते शब्द सुचलेसुद्धा नाहीत. माझ्या डोळ्यांपुढं कुणीतरी मुलगी आली, चेहरा नसलेली, पल्लवीच्या पलंगाशेजारच्या पलंगावर बसलेली. पल्लवी तिचा डबा भरतेय. तिला ताप आला तर लॅब बुडवतेय. तिच्यासमोर टाळ्या पिटतेय. कोण ती?

"कुणाबरोबर राहणार?" मी विचारलं.

"एकटीच," ती म्हणाली.

मला बरं वाटलं.